कलमांच्या बागेत बेणणीसाठी ब्रश कटर: कोणता घ्यावा, कसा सांभाळावा?

कातळवाडी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची जुनी बाग आहे आणि तिच्या वरच्या अंगाला अलीकडे लावलेली काजूची कलमं. खाली माती, वर निव्वळ जांभ्याचा कातळ, मधे गडगे (रचलेल्या दगडांचे बांध) आणि चांगलाच उतार. बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं कापायला, आता माणसं मिळत नाहीत. मिळतात ती ब्रश कटर, म्हणजे दांड्याचं गवत कापायचं मशीन, घेऊन येतात आणि पाऊस उघडला की अख्ख्या वाडीला ती एकाच आठवड्यात हवी असतात. मागच्या वर्षी आमची पाळी येईपर्यंत गवत वाळून गेलं होतं. पुढे उन्हाळ्यात शेजारच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा लागला तो आमच्या गडग्यापाशी येऊन थांबला. तेव्हा यंदा स्वतःचं मशीन घ्यायचंच.

बाबा साठी ओलांडलेले आहेत, पण सकाळी दोन-तीन तास काम करतात. मी पुण्यात, सुट्टीला जातो. टू स्ट्रोक घ्यावं की फोर स्ट्रोक? खांद्याला लावायचं की पाठीवरचं? कापायला नायलॉनची दोरी चालवावी की ब्लेड? ऑनलाइन सात-आठ हजारांत ५२ सीसीची मशीनं दिसतात, ती कशी असतात? आणि दुकानदार विकताना सांगत नाहीत ती निगा नक्की काय ठेवायची? ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा.

सुरंगी

गवत कसलं आहे ते आधी सांगा. नुसतं मऊ गवत आणि रानमोडीसारखी झुडपं यांचं मशीन एकच असलं तरी त्याच्या तोंडाला लावायचं हत्यार वेगळं.

कातळवाडी

सड्यावर कुसळी गवत, गडग्याच्या कडेने रानमोडी आणि घाणेरी, आंब्याखाली टाकळा नि लाजाळू.

आंबेरीकर

मग तुम्हाला दोन्ही लागणार, दोरीही आणि ब्लेडही. ते पुढे लिहितो. आधी मशीनबद्दल.

माझं ठाम मत असं की सीसी, कंपनी, किंमत या सगळ्याच्या आधी एक गोष्ट पाहा: तुमच्या गावापासून एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल अशा बाजारात ते मशीन उघडणारा माणूस आहे का, आणि त्याच्याकडे कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम, क्लच, स्टार्टरची दोरी, दोरीचं डोकं हे सुटे भाग शिल्लक असतात का. बेणणीचे दिवस मोजके. त्या दिवसांत मशीन कुरियरने सर्व्हिस सेंटरला पाठवून बसणं म्हणजे हंगाम गेला. नाव नसलेली ऑनलाइन मशीनं अगदीच चालत नाहीत असं नाही. पण ती बिघडली की भाग जुळवत बसावे लागतात, आणि बऱ्याच मशीनवर ५२ सीसी लिहिलेलं असलं तरी जोर त्या मानाने मिळत नाही.

दोन-तीन एकर बागेला ३० ते ४० सीसी पुरेसं होतं. फोर स्ट्रोकमध्ये होंडाचं जीएक्स ३५ इंजिन, म्हणजे ३५.८ सीसी, आपल्याकडे भरपूर दिसतं. त्याचा फायदा असा की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, धूर कमी, आवाज जरा खालच्या पट्टीतला, पेट्रोलही कमी पितं. हे इंजिन कसंही तिरकं केलं तरी आतलं ऑइल फिरत राहतं, त्यामुळे उताराची चिंता नको. वजन मात्र थोडं जास्त आणि ऑइल बदलण्याची शिस्त पाहिजे. टू स्ट्रोक हलकं, वेग पटकन घेतं, रचना सोपी, पण पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात चूक झाली की इंजिन जातं.

तुमच्या घरी चालवणार बाबा आणि भरणारं दुसरंच कोणी असेल, तर मी फोर स्ट्रोक सुचवेन. मिश्रणाची भानगडच नको.

पाठीवरचं की खांद्यावरचं? गडगे, अरुंद जागा आणि उतार असेल तर पाठीवरच्याला लवचीक नळी असते, ती हवी तशी वळते. पण तीच नळी रानमोडीत ब्लेड चालवताना नीट ताब्यात राहत नाही. सपाट सड्याला सरळ दांड्याचं, सायकलच्या हँडलसारखे दोन दांडे असलेलं मशीन उत्तम. त्याला दोन्ही खांद्यांवर वजन वाटून देणारा पट्टा घ्या. मशीनसोबत येणारा एका खांद्याचा पट्टा तासाभरात मान धरतो. बाबांसाठी हा खर्च नक्की करा.

फिटर_संगमेश्वर

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, पावसाळा संपत आला की रांग लागते. आंबेरीकरदादांनी निवडीचं नेमकं लिहिलंय. मी निगेचं लिहितो.

दुकानात येणाऱ्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा पेट्रोलचं असतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. पुरेसं पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं, पेट्रोल वर राहतं. टू स्ट्रोकचं ऑइल त्या वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी लोंबतो. म्हणजे इंजिनला ऑइल नसलेलं पाणीमिश्रित इंधन मिळतं आणि पिस्टन घासून जातो. मालक म्हणतो, "मी तर ऑइल बरोबर टाकलं होतं." टाकलेलं असतं, पण वरच राहिलेलं असतं.

म्हणून मिश्रण त्या त्या आठवड्यापुरतंच करा. महिन्याहून जुनं वापरू नका. कॅन बंद झाकणाचा आणि शक्य तितका भरलेला ठेवा, प्रत्येक वेळी भरण्याआधी हलवा. प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तकात असेल तेच. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे टाकणं बंद करा, औषधांच्या दुकानात मिळणारी सिरिंज आणा. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित हाही समज चुकीचा आहे. त्याने सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरते, मशीन दम टाकायला लागतं.

किनाऱ्यावरच्या गावांसाठी खास: देवगड, मालवण, हर्णै भागात होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू स्ट्रोक ऑइल सहज मिळतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. ब्रश कटर हवेने थंड होतो, त्याच्या सिलेंडरचं तापमान कितीतरी जास्त असतं. ते ऑइल यात घालू नका. डब्यावर जासो एफडी (JASO FD) हा दर्जा लिहिलेलं घ्या.

फोर स्ट्रोकवाल्यांनी उलट काळजी घ्यायची: त्यात मिश्रण घालायचं नाही, साधं पेट्रोल. जीएक्स ३५ मध्ये इंजिन ऑइल फक्त १०० मिली मावतं. इतक्याशा ऑइलवर सगळं चालतं, म्हणून रोज सुरू करण्यापूर्वी मशीन सपाट ठेवून पातळी बघायची. पहिलं ऑइल १० तासांनी, नंतर दर ५० तासांनी बदलायचं. टाकीच्या झाकणावर मार्करने तारीख लिहून ठेवा.

रोजचं काम संपल्यावर एअर फिल्टर काढून बघा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून, पिळून, सावलीत पूर्ण वाळवून परत बसवा. ओला बसवू नका. फिल्टर काढून "जोर चांगला येतो" म्हणून तसंच चालवणारे लोक आहेत. जांभ्याची लाल धूळ आत गेली की एका हंगामात पिस्टनच्या रिंगा घासतात.

खालच्या गिअरच्या डोक्याला बाजूला एक स्क्रू असतो. दर २०-२५ तासांनी तो काढून आत ग्रीस आहे का बघायचं, नसेल तर थोडं भरायचं. दाबून गच्च भरलं तर गरम होऊन सील फुटतं. हे डोकं चालवताना हात लावू नये इतकं तापायला लागलं तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग गेलंय.

बसल्या वेगाला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर, दोरी किंवा ब्लेड फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा. तरी फिरलं तर क्लचची स्प्रिंग तुटलेली असते, तसं मशीन बागेत नेऊ नका.

दर्यावर्दी

फिटरदादा, आमचं मशीन सुरू होतं, दहा मिनिटं झकास चालतं आणि मग बंद. थोड्या वेळाने परत सुरू. प्लग नवीन टाकलाय.

फिटर_संगमेश्वर

बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मशीन पुन्हा चालू लागलं, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद झालीय. ती बारीक भोकाची झडप साफ करा किंवा बदला. तसं नसेल तर टाकीतला फिल्टर बदला. त्यानेही फरक पडला नाही तर मग इग्निशन कॉइल गरम झाल्यावर ठिणगी सोडत नसेल, ते दुकानातच तपासावं लागेल.

दर्यावर्दी

झाकणच होतं! खूप आभार.

काजूवाली_लांजा

इथे सगळे इंजिनावर बोलतायत, मला कलमांवर बोलायचंय. कातळवाडी, तुमची काजूची कलमं लहान आहेत म्हणून हे कळकळीने लिहितेय.

नायलॉनची दोरी गवतासाठी असली तरी लहान कलमाची साल ती एका फटक्यात सोलते. वरून बघितलं तर नुसता ओरखडा दिसतो. पण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. चहूबाजूंनी साल गेली की मुळं उपाशी पडतात. झाड पुढे काही महिने हिरवंच दिसतं, कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढत असतं. मग उन्हाळ्यात एकदम वाळतं आणि लोक म्हणतात पाणी कमी पडलं.

पूर्ण साल गेली नाही तरी सुटका नाही. काजूचा खोडकिडा बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो. मशीनच्या जखमा म्हणजे त्याला आयत्या भेगा. बुंध्यातून डिंक आणि भुसा येताना दिसला तर अळी आत गेलेली आहे.

आमच्याकडे नियम आहे की मशीन येण्याच्या आधी प्रत्येक कलमाभोवती हातभर अंतराचं आळं विळ्याने साफ झालं पाहिजे. मशीनवाल्याला सांगायचं, आळ्याच्या आत यायचं नाही. रोजावर आलेला माणूस घाईत असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही, खूण आपण करायची. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून बुंध्याभोवती सैल बसवला तरी चालतो, फक्त खोड जाड झालं की काढायला विसरू नका. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे हाताने काढा, मशीनने नाही.

कातळवाडी

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. दोन कलमं गेल्या उन्हाळ्यात अशीच वाळली होती, कारण कळत नव्हतं. या रविवारी बुंधे बघायला सांगतो.

आंबेरीकर

दोरी-ब्लेडचं राहिलं होतं.

सड्यावर, गडग्याला लागून आणि दगड असतील तिथे दोरीच. ३० सीसीच्या आतल्या मशीनला २.४ मिमी, ३५-४० सीसीला २.७ किंवा ३ मिमी. छोट्या मशीनला जाड दोरी लावली की इंजिनला वेग येत नाही, क्लच घसरत राहतो आणि जळतो. गोल दोरी टिकते जास्त, चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराची कापते चांगली. दोरी जुनी होऊन कडक झाली असेल तर रात्रभर पाण्यात भिजवा. नायलॉन पाणी शोषतं आणि मग तुकडे पडत नाहीत. दोरीच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेनेच आणि फेऱ्या एकमेकींवर न चढवता गुंडाळा. डोकं जमिनीवर आपटल्यावर दोरी सुटत नाही ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

रानमोडी, घाणेरी, जाड देठाचं गवत याला तीन पात्यांचं ब्लेड. आपल्याकडे बहुधा २५५ मिमी व्यासाचं आणि मधे १ इंचाचं भोक असलेलं मिळतं, तरी नेताना जुनं सोबत न्या. अंगठ्याएवढ्या खोडांना ८० दातांचं गोल ब्लेड. ब्लेडची नट उलट्या आट्याची असते, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटते. हे माहीत नसल्याने लोक पाना लावून लावून आटे मोडतात. तिन्ही पात्यांना कानस सारखीच मारा, एक हलकं झालं तर मशीन हाताला मुंग्या आणतं. तडा गेलेलं ब्लेड वेल्डिंग करून वापरायचं नाही. ते फेकायचंच.

पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झाडू मारल्यासारखं कापत जा, कापलेलं गवत कापून झालेल्या बाजूला पडतं. ब्लेडच्या पुढच्या उजव्या भागाने खोडाला भिडू नका, मशीन झटक्याने उजवीकडे फेकलं जातं. डाव्या बाजूने भिडवा. उतारावर आडवं चालत कापा, चढत-उतरत नाही. कमरेएवढं गवत एका दमात मुळाशी कापू नका. आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा, नाहीतर गवत मशीनच्या डोक्याभोवती गुंडाळतं.

गोठ्यातली_माई

एक विनंती सगळ्यांना. ज्या गवताची वैरण करायची आहे ते दोरीने कापू नका. एक तर ते चिंधड्या होऊन मातीत मिसळतं. शिवाय दोरीचे तुटलेले तुकडे त्यात राहतात आणि जनावराच्या पोटात जातात, ते पचत नाहीत. वैरणीला ब्लेड, किंवा विळाच.

सॅक्रामेंटोकर

इकडे कॅलिफोर्नियात २०२४ पासून नव्याने बनणाऱ्या बागकामाच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना प्रदूषणाची अट इतकी कडक केलीय की दुकानात बॅटरीचेच ट्रिमर दिसतात. माझ्या अंगणाला बॅटरी पुरून उरते, आवाज नाही, पेट्रोल नाही. आपल्याकडे विचार करायला हरकत नाही ना?

फिटर_संगमेश्वर

परड्याला, अंगणाला जरूर घ्या, चांगली असते. सड्यावर रानमोडीत तीन तास सलग काम असेल तर दोन-तीन बॅटऱ्या लागतील आणि त्यांची किंमत मशीनएवढी होते. दुपारी वीज गेली तर चार्जिंगही नाही. आज बागेसाठी पेट्रोलच.

सुरंगी

सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही. जांभ्याचा खडा दोरीला लागून गोळीसारखा सुटतो. जाळीचा नाही, पारदर्शक सुरक्षा चष्मा, त्यावर जाळीचा मुखवटा. गमबूट, कारण पायाला खडे आणि फुरसं दोन्हीपासून वाचवायचंय. गडग्याजवळ मशीन घालण्याआधी लांब काठीने गवत हलवून घ्या, गांधीलमाशांचं पोळं असेल तर कळतं. कानाला मफ. पंधरा मीटरच्या आत माणूस, मूल, जनावर, गाडी नको.

मशीनवरचं संरक्षक कव्हर काढू नका. ते काढून दोरी लांब ठेवली की पट्टा रुंद निघतो हे खरं, पण इंजिनवर ताण येतो आणि खडे थेट नडगीवर येतात. दोरीच्या जागी क्लचची तार लावणाऱ्याला तर आपल्या बागेत पाय ठेवू देऊ नका. तिचा सुटलेला तुकडा माणसाच्या शरीरात घुसतो.

मळेकर

एवढं सगळं करण्यापेक्षा तणनाशक मारून मोकळं व्हायचं. एका दिवसात काम.

काजूवाली_लांजा

उतारावर गवताची मुळंच माती धरून ठेवतात. आपल्या पावसात तणनाशकाने उघडी पडलेली माती सरळ वहाळाला जाते, मग कलमांची मुळं वर येतात. मशीनने गवत कापलं तर मुळं जागेवर राहतात आणि कापलेलं गवत आळ्यात आच्छादन म्हणून घालता येतं. ग्लायफोसेट तर ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार परवानाधारक कीड नियंत्रकांनीच वापरायचं आहे. लहान कलमांच्या कोवळ्या सालीवर, फुटव्यांवर त्याचा फवारा उडाला तर कलमच जातं.

मळेकर

मातीचं पटलं. आमचा मळा सपाट आहे म्हणून तसं लिहिलं.

आंबेरीकर

वणव्यासाठी वेळ महत्त्वाची. एक बेणणी श्रावणात, कुसळं धरायच्या आधी. दुसरी पाऊस गेल्यावर, गवत पिवळं पडायला लागलं की. हद्दीला गडग्याच्या आतून चार-पाच मीटरचा पट्टा जमिनीलगत कापा आणि तिथलं कापलेलं गवत दाताळ्याने ओढून आत न्या. तसंच वाळत ठेवलं तर जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायच्या त्या पट्ट्यावर, आपणच सरपण अंथरल्यासारखं होतं. इतर ठिकाणी आच्छादन राहू दे, हद्दीला नको.

कातळवाडी

फोर स्ट्रोक, सरळ दांडा, दोन खांद्यांचा पट्टा असं जवळपास ठरलं. अनुदान मिळतं का? आणि ओळखीत एक वापरलेलं मशीन निघालंय, ते बघताना काय तपासू?

सुरंगी

महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. तुम्हाला हवं ते मशीन यादीत आहे का हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, आधीचं बिल धरत नाहीत. त्यामुळे वापरलेलं घेणार असाल तर अनुदानाचा विचार सोडा.

फिटर_संगमेश्वर

वापरलेलं बघायला सकाळी जा आणि मालकाला सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. गरम इंजिन कसंही सुरू होतं. थंड मशीनच्या स्टार्टरची दोरी हळू ओढा, मधे स्पष्ट अडथळा लागला पाहिजे. सैल फिरली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, गेलंय, तिथूनच परत या. फोर स्ट्रोक असेल तर ऑइल काढून बोटांवर चोळा, पेट्रोलचा वास किंवा चकाकणारे कण नकोत. निळा धूर येत राहिला तर रिंगा गेल्यात. ब्लेड काढून टोकाचा दांडा हाताने हलवा, खडखडला तर बेअरिंग. पेट्रोलची नळी बोटाने वाकवा, कडक होऊन तडे गेले असतील तर बदलायचा खर्च धरा, फार नाही तो.

आणि नवं घ्या की जुनं, शेवटची बेणणी झाली की टाकी पूर्ण रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लग काढून आत चमचाभर ऑइल टाका, स्टार्टरची दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. ब्लेडला ऑइलचा हात फिरवा. गोठ्यात किंवा चुलीजवळ नाही, माळ्यावर कोरड्या जागी टांगून ठेवा, आणि उंदीर नळी कुरतडतात म्हणून वर गोणपाट नका टाकू.